लांब प्रथिनातून इन्सुलिन कसं कापलं जातं: ११० मण्यांची माळ आणि सी-पेप्टाइडचा रिपोर्ट

घरात कुणाला मधुमेह असला आणि डॉक्टरांनी सी-पेप्टाइडची तपासणी लिहून दिली, की एक प्रश्न हमखास येतो: "आईला इन्सुलिन चालूच आहे, मग इन्सुलिन मोजायचं सोडून हे काय नवीन?" मी फोंड्याला जीवरसायन शिकवते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्यावर बोलणार नाही. पण या प्रश्नाचं उत्तर माझ्या विषयात आहे आणि ते प्रत्येक घरात पोचावं असं मला मनापासून वाटतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के आढळलं. देशातला हा सगळ्यात वरचा आकडा. म्हणजे आपल्याकडे अशी फाइल नाही असं कुटुंब शोधावं लागेल.

थोडक्यात उत्तर असं. पेशी इन्सुलिन थेट बनवत नाही. आधी एक लांब प्रथिन तयार होतं, त्याची घडी बसते, मग ते ठरलेल्या जागी कापलं जातं. एक भाग इन्सुलिन म्हणून कामाला लागतो. मधून निघालेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. साखर उतरवण्याचं काम तो करत नाही, पण स्वादुपिंडानं स्वतः किती इन्सुलिन बनवलं याचा पुरावा तोच देतो. इतर हार्मोनांच्या बाबतीतही कापून उरलेले तुकडे रिपोर्टवर बरंच काही सांगून जातात. ते वाचायला शिकायचं तर आधी कापणी समजून घ्यायला हवी, आणि त्यासाठी हातानं करून पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

आधी हार्मोन कोणत्या जातीचा ते ओळखा

सगळेच हार्मोन प्रथिनातून येत नाहीत. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासून बनतात. ॲड्रेनलिन टायरोसिन या एकाच अमिनो आम्लापासून बनतं. यांच्यासाठी कुठलंही लांब प्रथिन कापावं लागत नाही.

इन्सुलिन, ग्लुकागॉन, एसीटीएच, पॅराथायरॉइड हार्मोन, कॅल्सिटोनिन, ऑक्सिटोसिन, व्हासोप्रेसिन हे मात्र अमिनो आम्लांच्या साखळ्या आहेत आणि प्रत्येकाच्या मागे त्याचं पूर्वगामी प्रथिन असतं. घरच्या घरी ओळखायची एक खूण सांगते: जो हार्मोन पोटातून घेतला तर अन्नातल्या प्रथिनासारखा पचून जातो, तो सहसा या दुसऱ्या गटातला. म्हणून इन्सुलिन टोचावं लागतं आणि कॉर्टिसॉलसारख्या प्रेडनिसोलोनची गोळी गिळता येते. थायरॉइडचा हार्मोन दोन्ही गटांत पाय ठेवून आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

नावांचं एकदा पाठ करून टाका. 'प्रीप्रो' लागलं की साखळी नुकतीच बनते आहे, 'प्रो' उरलं की पहिली कापणी झाली, आणि नुसतं नाव उरलं की हार्मोन तयार.

माळ ओवा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा कुठल्याही कटलरीच्या दुकानात काचेचे बारीक मणी मिळतात. धागा जरा जाड सुती घ्या, मण्यांचं भोक घट्ट असू द्या, नाहीतर कापल्याबरोबर सगळे मणी जमिनीवर सांडतील. मणी असे लागतील: पांढरे २४, निळे २८, पिवळे ३१, हिरवे १७, लाल ४ आणि काळे ६. बेरीज ११०. माणसाच्या प्रीप्रोइन्सुलिनमध्ये अमिनो आम्लं नेमकी एवढीच असतात.

ओवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिले २४ पांढरे. त्यानंतर ३० मण्यांची निळी बी-साखळी, पण तिच्यातला सातवा आणि एकोणिसावा मणी काळा. मग २ लाल. मग ३१ पिवळे, हे सी-पेप्टाइड. पुन्हा २ लाल. शेवटी २१ मण्यांची हिरवी ए-साखळी, तिच्यात सहावा, सातवा, अकरावा आणि विसावा मणी काळा. काळे मणी म्हणजे सिस्टीन, गंधक असलेलं अमिनो आम्ल. लाल मणी म्हणजे आर्जिनिन आणि लायसिन: पहिल्या जोडीत दोन्ही आर्जिनिन, दुसऱ्या जोडीत आधी लायसिन, मग आर्जिनिन.

आता पांढऱ्या टोकापासून पूर्ण माळ मोजा आणि काळ्या मण्यांचे क्रमांक वहीत लिहून ठेवा: ३१, ४३, ९५, ९६, १००, १०९. हे जुळले नाहीत तर माळ उसवून पुन्हा ओवा. पुढची सगळी गंमत या आकड्यांवर आहे. मुलं इथेच घाई करतात, म्हणून मी मोजणी दोघांकडून वेगवेगळी करून घेते.

पहिली कापणी: पांढरे मणी

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत रायबोसोम ही साखळी विणायला लागला की पांढरा भाग सगळ्यात आधी बाहेर पडतो. याला संकेत-पेप्टाइड म्हणतात. त्याचं एकच काम: ही साखळी बाहेर पाठवायची आहे, तिला एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या (पेशीतल्या प्रथिनांची घडी बसवणाऱ्या कप्प्याच्या) आत घ्या, हे पेशीला कळवणं. प्रथिनांच्या अंगातच त्यांचा पत्ता असतो हे दाखवून दिल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

साखळी आत शिरली की एक एन्झाइम पांढरा भाग तोडून टाकतं. तुम्हीही कात्रीनं चोवीसाव्या मण्यानंतर धागा कापा. हातात उरले ८६ मणी, हे प्रोइन्सुलिन. पांढरे मणी बाजूला काढा, त्यांचा रिपोर्टशी संबंध येत नाही.

घडी: इथे वेळ द्या

पाठ्यपुस्तकातली आकृती ही पायरी एका बाणात उरकते. मला ते पटत नाही, कारण मधुमेहाचे काही प्रकार इथेच सुरू होतात.

तांब्याच्या बारीक तारेचे तीन तुकडे घ्या. क्रमांक ३१ चा काळा मणी ९६ ला बांधा, ४३ चा १०९ ला, आणि ९५ चा १०० ला. पहिल्या दोन तारा निळ्या साखळीला हिरवीशी जोडतात, तिसरी हिरव्या साखळीच्या आतल्या आतच आहे. शरीरात या तारांच्या जागी गंधक-गंधक बंध असतात. बांधताना लक्षात येईल की निळा आणि हिरवा भाग एकमेकांसमोर आणायला मधला पिवळा भाग वळवावा लागतो. पिवळे मणी इथे कामाला येतात. दोन साखळ्या एकाच धाग्यावर असल्यामुळे योग्य काळे मणी योग्य जोडीदारासमोर येतात.

हे खरंच गरजेचं आहे का, याचा पडताळा घ्यायचा तर दुसरी माळ करा. निळी आणि हिरवी साखळी सुटी ठेवा, डोळे मिटून काळे मणी जोडायला सांगा. सहा काळ्या मण्यांच्या तीन जोड्या पंधरा प्रकारे लागू शकतात, त्यांतला एकच बरोबर. १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन पहिल्यांदा बनवून घेतलं तेव्हा ए आणि बी साखळ्या वेगवेगळ्या बनवून मग रसायनशाळेत जोडल्या होत्या. ते जमलं, १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यताही मिळाली, पण पुढे उत्पादक प्रोइन्सुलिन बनवून ते कापण्याच्या वाटेला वळले. म्हणजे शरीराच्याच वाटेला.

आता ९६ क्रमांकाचा काळा मणी मनातल्या मनात काढून टाका. काही बाळांत जन्मतःच या जागी सिस्टीनऐवजी टायरोसिन असतं. ३१ क्रमांकाला जोडीदार मिळत नाही, प्रोइन्सुलिनची घडी बसत नाही, बिघडलेली साखळी रेटिक्युलममध्ये साचत जाते आणि ताण सहन न होऊन बीटा पेशी मरू लागतात. जपानमधल्या अकिता उंदरांत हाच बदल आधी सापडला होता. माणसात इन्सुलिनच्या जनुकातल्या अशा बदलांमुळे बाळपणीचा मधुमेह होतो हे २००७ मध्ये पुढे आलं. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत बाळाला मधुमेह आढळला तर नेहमीचा टाइप १ समजून थांबू नये, जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. काही बाळांचा मधुमेह वेगळ्या जनुकामुळे असतो आणि इन्सुलिनऐवजी गोळीवर भागतो. एका तपासणीनं त्या लेकराची रोजची टोचणी सुटू शकते.

दुसरी कापणी: लाल मणी

घडी बसलेलं प्रोइन्सुलिन गॉल्जी या पेशीतल्या पुढच्या कप्प्यातून सरकतं आणि छोट्या पुटिकांमध्ये, म्हणजे पिशव्यांमध्ये भरलं जातं. पुटिका परिपक्व होताना तिच्या आतला भाग आम्लधर्मी होतो, पीएच साधारण ५.५ पर्यंत उतरतो, कॅल्शियम वाढतं. कापणारी एन्झाइमं अशाच वातावरणात जोर धरतात. त्यांना मी वर्गात कात्र्याच म्हणते, कारण धागा कुठेही न तोडता ती फक्त लाल जोडीपाशी तोडतात. दोन आहेत: पीसी १/३ आणि पीसी २. माणसाच्या बीटा पेशीत मोठा भार पहिलीवर असतो.

कात्री लाल जोडीच्या आधी नाही, नंतर चालते. तुम्हीही तसंच करा: पहिल्या लाल जोडीनंतर आणि पिवळ्या मण्यांच्या अगोदर कापा, मग दुसऱ्या लाल जोडीनंतर आणि हिरव्याच्या अगोदर. दोन लाल मणी निळ्या साखळीच्या शेपटाला लटकलेले राहतील, दोन पिवळ्या तुकड्याच्या. मग कार्बोक्सिपेप्टिडेज ई नावाचं तिसरं एन्झाइम शेपटाकडून हे लाल मणी एकेक करून काढून टाकतं. बोटांनी काढा.

समोर काय उरलं ते मोजा. तारांनी बांधलेली निळी-हिरवी जोडी, ३० अधिक २१, एकूण ५१ मणी: हे इन्सुलिन. सुटा पडलेला पिवळा तुकडा, ३१ मणी: हे सी-पेप्टाइड. चार लाल मणी वेगळे. ८६ चा हिशोब पूर्ण.

एक माळ कापली की एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड. दहा कापल्या की दहा आणि दहा. हे प्रमाण मोडत नाही. वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या टेबलावर पडलं आहे.

लाल मण्यांतही चूक होऊ शकते. ८९ क्रमांकाचा, म्हणजे हिरव्याला टेकलेला लाल मणी काही घराण्यांत बदललेला असतो. तिथे कात्री चालत नाही आणि अर्धवट कापलेलं प्रोइन्सुलिन रक्तात वाढतं. टाइप २ मधुमेहातही थकलेल्या बीटा पेशी पुरती न कापलेली साखळी जास्त प्रमाणात बाहेर सोडतात.

हे सगळं कसं कळलं? इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत लावून दाखवला होता, पण दोन साखळ्या एकत्र कशा येतात हे कोडं होतं. १९६७ मध्ये शिकागो विद्यापीठात डोनाल्ड स्टाइनर यांनी इन्सुलिन बनवणाऱ्या गाठीच्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्लं देऊन पाहिली. आधी एक मोठं प्रथिन उजळलं, इन्सुलिन त्याच्या मागून आलं. ते मोठं प्रथिन म्हणजे प्रोइन्सुलिन. त्यांनी फेकून द्यायच्या पिवळ्या तुकड्यालाही गांभीर्यानं घेतलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

साठा आणि सुटका

कापलेली इन्सुलिनं पुटिकेत जस्ताच्या साथीनं सहा-सहाच्या गटांत बसतात. रक्तात साखर वाढली की बीटा पेशीत कॅल्शियम शिरतं, पुटिका पेशीच्या काठाशी येऊन फुटते, आणि इन्सुलिन व सी-पेप्टाइड एकाच वेळी बाहेर पडतात. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या हीच सुटका वाढवतात. म्हणून त्या घेणाऱ्याचं सी-पेप्टाइडही वाढतं.

बाहेर पडल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. स्वादुपिंडातलं रक्त आधी यकृतात जातं आणि तिथे जवळपास अर्धं इन्सुलिन पहिल्याच फेरीत वापरलं जातं. उरलेलं काही मिनिटांत ओसरतं. सी-पेप्टाइडला यकृत फारसं हात लावत नाही, ते साधारण अर्धा तास टिकतं आणि मुख्यतः मूत्रपिंडांतून निघून जातं. मोजायला ते जास्त भरवशाचं आहे ते यामुळे.

रिपोर्ट हातात आल्यावर

बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. आईला दिवसातून चार वेळा टोचत असलात तरी रक्तातलं सी-पेप्टाइड तिच्याच बीटा पेशींचं. नुसतं इन्सुलिन मोजलं असतं तर टोचलेलं कुठलं आणि घरचं कुठलं हे सांगता आलं नसतं.

रिपोर्ट वाचताना पहिली नजर एककावर टाका. कुठे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर छापतात, कुठे पिकोमोल प्रति लिटर. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे साधारण ३३१ पिकोमोल प्रति लिटर. दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट शेजारी ठेवून "सी-पेप्टाइड तीनशेपट वाढलं" म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. फरक फक्त एककाचा होता.

दुसरी नजर त्याच वेळच्या साखरेवर. साखर खाली असेल तर निरोगी बीटा पेशीही गप्प बसते आणि सी-पेप्टाइड कमी दिसतं. तो आजार नव्हे. साखरेच्या आकड्याशिवाय एकटं सी-पेप्टाइड वाचायचंच नाही.

मग आकडा. टाइप १ की टाइप २ हे प्रौढ माणसात, इन्सुलिन चालू असताना ठरवायचं असेल तर जेवणानंतर पाच तासांच्या आत घेतलेला नमुना चालतो. २०० पिकोमोलच्या खाली, म्हणजे सुमारे ०.६ नॅनोग्रॅम, असेल तर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ संपलं, टाइप १ ची शक्यता मोठी. ६०० च्या वर, म्हणजे सुमारे १.८ नॅनोग्रॅम, असेल तर बीटा पेशी बऱ्यापैकी बनवताहेत, टाइप २ कडे कल. मधल्या पट्ट्यात निर्णय घाईनं होत नाही. डॉक्टर अँटिबॉडी, वय, आजाराचा काळ हे सगळं पाहतात.

साखर एकाएकी घसरून माणूस बेशुद्ध पडला असेल तर ही तपासणी फार कामाची ठरते. साखर कमी, इन्सुलिन जास्त, सी-पेप्टाइड कमी असं चित्र दिसलं तर इन्सुलिन बाहेरून आलं आहे. दोन्ही जास्त असतील तर इन्सुलिन आतूनच सुटलं: कधी ग्लिमेपिराइडच्या गटातली गोळी, कधी स्वादुपिंडातली गाठ.

नमुना देताना काही गोष्टी सांभाळा. तपासणी उपाशीपोटी हवी की जेवणानंतर, हे चिठ्ठी घेतानाच विचारून घ्या. उपाशीपोटी म्हटलं असेल तर सकाळचा चहा-पावही नको. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर प्रयोगशाळेत आधी सांगा, अनेक यंत्रांत बायोटिनमुळे सी-पेप्टाइड आणि थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी दिसतं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर सी-पेप्टाइड साचून जास्त दिसतं, म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. आणि साखर बेसुमार वाढून दवाखान्यात दाखल व्हावं लागलं असेल, तर त्यानंतरचे दोन आठवडे ही तपासणी टाळतात, कारण त्या काळात बीटा पेशी दबलेल्या असतात. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवायला जाणार असाल तर नमुना घेतल्याची वेळ, शेवटचं जेवण आणि शेवटची मात्रा हे तिन्ही रिपोर्टच्या कोपऱ्यात पेननं लिहून न्या. ओपीडीच्या गर्दीत विचारायला आणि आठवायला वेळ मिळत नाही.

तीच माळ, कात्री वेगळी

ज्यांची इन्सुलिनची माळ झाली त्यांनी पुढे प्रोग्लुकागॉन समजून घ्यावं. मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. १६० अमिनो आम्लांची एकच साखळी स्वादुपिंडातल्या अल्फा पेशीतही बनते आणि आतड्यातल्या एल पेशीतही. अल्फा पेशीत पीसी २ आहे: ती २९ अमिनो आम्लांचं ग्लुकागॉन कापून काढते, जे रक्तातली साखर वाढवतं. आतड्यात पीसी १/३ आहे: ती जीएलपी-१ कापून काढते, जे जेवणानंतर इन्सुलिन वाढवून साखर उतरवायला मदत करतं. जनुक एक, साखळी एक, काम उलटं. फरक फक्त त्या पेशीत कोणती कात्री आहे याचा.

या साखळीत ग्लुकागॉनसारखा आणखी मजकूर दडला आहे हे १९८२ मध्ये अँगलरफिश या माशाच्या जनुकावरून पहिल्यांदा दिसलं. हाडांच्या बऱ्याच माशांत इन्सुलिन-ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशींचा वेगळा पुंजका असतो, पाचकरस बनवणाऱ्या भागापासून सुटा, त्यामुळे अभ्यासाला सोपा. रोज ताटात हुमण (माशांची आमटी) असणाऱ्या आपल्यासारख्यांना मधुमेहाच्या शास्त्रावरचं माशांचं हे ऋण माहीत असावं.

जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याचं टोक तोडतं. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गोळ्या त्या एन्झाइमला रोखतात. सेमाग्लुटाइड हे जीएलपी-१ चंच टिकाऊ रूप. फाइलमध्ये यांतलं काही असेल तर ते याच साखळीशी जोडलेलं आहे.

पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतलं पीओएमसी हे प्रथिन तर एका साखळीत अनेक हार्मोन घेऊन फिरतं: ३९ अमिनो आम्लांचं एसीटीएच, जे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावतं, ३१ चं बीटा-एंडोर्फिन, आणि एसीटीएचचेच पहिले १३ सुटे केले की अल्फा-एमएसएच, जे त्वचेचा रंग गडद करतं. ॲडिसन आजारात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कमी पडतात, म्हणून पियूषिका एसीटीएच ओतत राहते आणि त्यात दडलेल्या या १३ च्या तुकड्यामुळे माणूस काळवंडतो. समुद्रावर राबणाऱ्याचा रंग उन्हानं रापतो, पण तळहाताच्या रेषा, हिरड्या आणि गालांची आतली बाजू रापत नाही. तिथे काळसर डाग, सोबत थकवा, वजन घटणं, उठताना चक्कर आणि खारट खावंसं वाटणं असं दिसलं तर उशीर करू नका. आपल्या देशात या ग्रंथी बिघडण्यामागे क्षयरोगही असू शकतो. आणि बरेच दिवस चाललेली स्टेरॉइडची गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका: तेवढ्या काळात पियूषिकेनं एसीटीएच सोडणं कमी केलेलं असतं आणि ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

कापणी पेशीबाहेर, किंवा झालीच नाही

हृदयावर ताण आला की हृदयातच बनणाऱ्या १०८ अमिनो आम्लांच्या प्रोबीएनपीचे दोन भाग होतात: ३२ चं बीएनपी, जे काम करतं, आणि ७६ चं एनटी-प्रोबीएनपी, जे नुसतं उरतं. दम लागतो म्हणून गेलेल्या माणसाचं हे दुसरं मोजतात, कारण ते रक्तात जास्त टिकतं. सॅक्युबिट्रिल असलेली गोळी चालू असेल तर बीएनपी त्या गोळीमुळेच वाढतं, तेव्हा एनटी-प्रोबीएनपीच पाहावं लागतं. वय आणि कमजोर मूत्रपिंडं हा आकडा वाढवतात, लठ्ठपणा तो कमी दाखवतो.

रक्तदाबाची साखळी रक्तातच कापली जाते. यकृतातून आलेल्या अँजिओटेन्सिनोजेनमधून रेनिन १० अमिनो आम्लांचा तुकडा काढतं, एसीई हे दुसरं एन्झाइम त्यातली आणखी २ उडवतं, आणि उरलेलं ८ चं अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आवळतं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही दुसरी कापणी रोखतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन कापणी होऊ देतात पण तुकड्याला काम करू देत नाहीत.

प्रोकॅल्सिटोनिनची गोष्ट याच्या उलट. एरवी ते थायरॉइडमधल्या सी पेशीत बनतं आणि तिथेच कापून ३२ चं कॅल्सिटोनिन होतं, त्यामुळे रक्तात नगण्य. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की शरीरातल्या इतर अनेक पेशी ते बनवायला लागतात. त्यांच्याकडे कापण्याची सोय नसते, म्हणून ११६ अमिनो आम्लांची साखळी तशीच रक्तात उतरते. आयसीयूतल्या रिपोर्टवर 'पीसीटी' वाढलेलं दिसतं ते हेच. विषाणूच्या तापात ते सहसा फारसं वाढत नाही, त्यामुळे अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवायला त्याची मदत होते.

थायरॉइड आणि आपलं मीठ

थायरॉइडमध्ये साखळी कापण्याआधी तिच्यावर काम होतं. थायरोग्लोब्युलिन हे अवाढव्य प्रथिन पेशीबाहेरच्या पोकळीत साठवलेलं असतं. त्यातल्या ठरावीक टायरोसिनांवर आयोडीन चढतं, अशा दोन टायरोसिनांची जोडी लागते, आणि गरजेच्या वेळी पेशी ते प्रथिन आत ओढून पचवते तेव्हा टी४ आणि थोडं टी३ हे थायरॉइडचे हार्मोन सुटे होतात. एवढ्या मोठ्या रेणूतून हाती लागणारे हार्मोन मोजकेच, पण साठा दोन-तीन महिने पुरतो. म्हणून आयोडीन कमी पडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही.

आगरवाडोसारख्या मिठागरांतल्या खड्याच्या मिठावर माझं प्रेम आहे आणि ती मिठागरं टिकली पाहिजेत. पण समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीनचं मीठ नव्हे. खड्यात आयोडीन नगण्य असतं. खारवलेल्या तोरांना (कैऱ्यांना), सुक्या मासळीला गावठी मीठ वापरा. रोजच्या कढीत, भाजीत मात्र आयोडीनयुक्त मीठ असू द्या, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर. त्याचा डबा चुलीच्या वाफेपासून दूर, झाकण लावून ठेवा, आणि मीठ शिजवण्याच्या शेवटी घाला.

थायरॉइडच्या कर्करोगासाठी ग्रंथी पूर्ण काढली असेल तर थायरोग्लोब्युलिनचाच रिपोर्ट वर्षानुवर्षं पाहतात. ते बनवणारी दुसरी पेशी शरीरात नसल्यामुळे ते पुन्हा वाढलं तर थायरॉइडची पेशी कुठेतरी उरली आहे असा अर्थ निघतो. त्यासोबत अँटि-टीजी अँटिबॉडी मोजलेली आहे ना हे बघा. ती जास्त असेल तर थायरोग्लोब्युलिनचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. दर वेळी एकाच प्रयोगशाळेतून तपासून घेतलंत तर आधीच्या आकड्याशी तुलना करता येते.

पुढची माळ

इन्सुलिन जमल्यावर विद्यार्थ्यांनी पॅराथायरॉइड हार्मोन (पीटीएच) ओवावं, ते सोपं आहे. ११५ मणी: २५ संकेताचे, ६ मधल्या 'प्रो' भागाचे, ८४ हार्मोनचे. हार्मोनच्या ८४ मण्यांत काळा मणी एकही नाही, म्हणजे तार बांधायची नाही, दोन कापण्या केल्या की झालं. मूत्रपिंड विकाराच्या रुग्णांत या ८४ चे पुढे पडलेले तुकडे रक्तात साचतात, म्हणून त्यांच्या रिपोर्टवर 'इंटॅक्ट पीटीएच' असं लिहिलेलं असतं. माळेतून ८४ चा तुकडा वेगळा केलात की दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. इंटॅक्टच्या तपासणीत एक अँटिबॉडी एका टोकाकडच्या भागाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाकडच्या भागाला धरते. मग तोच तुकडा मधे कापून पाहा, दोन्ही पट्ट्या एका धाग्यावर राहत नाहीत, म्हणून असा तुकडा त्या तपासणीत मोजला जात नाही.